तिसरी खाच

२ ऑक्टोबर, बुधवार

आज गांधी जयंती. नव्या वहीचा मुहूर्त केला. विषय: लीव्हर-अॅक्शन रायफलींचे हॅमर आणि सेफ्टी. मराठीत यावर एक ओळ नाही, मी शोधलं. इंग्रजीत आहे ते सगळं अमेरिकन लोकांचं, आणि ती माणसं व्हिडिओत मुद्द्यावर यायच्या आधी आपला कुत्रा दाखवतात.

बायको, सुनंदा, म्हणाली, आजच्या दिवशी बंदूक? मी म्हटलं, सेफ्टीवर लिहितोय, म्हणजे अहिंसेवरच. ती पोहे परतत राहिली.

ध्येय इथे स्वच्छ लिहून ठेवतो. माझे सासरे धोंडिराम परब, म्हणजे आप्पा, वय ब्याऐंशी, मुक्काम भांडुप. त्यांच्या नावावर एक लीव्हर-अॅक्शन रायफल आहे. त्यांचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. गोरा मॅनेजर विलायतेला परत जाताना त्यांना ती देऊन गेला. गावी आंब्याच्या बागेत डुकरं हाकलायला वापरायचे. मग गाव सुटलं, रायफल भांडुपला आली, आणि आता वर्षातून एकदा दसऱ्याला पाटावर येते, एवढंच. आप्पांचं वय झालं, लायसन्स घरातल्या कुणाच्या तरी नावावर करायचं आहे. मेहुणा सहदेव पालिकेच्या पाणीखात्यात फिटर आहे. तो म्हणतो, मला माझे पाने पुरेत. म्हणजे उरलो मी.

रायफल हे निमित्त आहे, हेही लिहून टाकतो, वाचतंय कोण. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी आप्पा मला 'पावणे' म्हणतात. पाहुणे! मुलुंडहून भांडुपला जाणारा माणूस पाहुणा कसा? एक स्टेशन सोडून मी राहतो, तेही नाहूर नंतर झालं म्हणून. रायफल माझ्या हातात दिली की तो विषय संपेल. वस्तू पाहुण्याला देत नाहीत, घरच्याला देतात.

५ ऑक्टोबर, शनिवार

अभ्यास जोरात. मी उभा जन्म कुलपांच्या कंपनीत काढला. डिस्पॅचला होतो, पण कुलूप शेवटी डिस्पॅचमधूनच जातं. खीळ, खाच, स्प्रिंग हे माझ्या रक्तात आहे.

टिपण. हॅमरला मराठीत घोडा म्हणतात. मी हॅमरच लिहिणार, कारण मुंबईत घोडा म्हटलं की शेजारी पोलिसांना फोन करतात. जुन्या रायफलीत वेगळी सेफ्टी नसते. हॅमर अंगठ्याने अर्धा मागे ओढला की खाचेत बसतो. ती हाफ-कॉक. तिथे चाप ओढला तरी हॅमर पडत नाही. पूर्ण मागे ओढला की फुल-कॉक, आता पडतो. झाल्या दोन खाचा. पुढे कंपन्यांनी आडवं बटण घातलं, ते दाबलं की हॅमर पडतो पण गोळी उडवणाऱ्या पिनला लागत नाही. जाणकार त्या बटणावर फार चिडतात, म्हणून मीही चिडायचं ठरवलं आहे. मग कुणी सेफ्टी मागे मानेवर, अंगठ्याखाली आणली. काही रायफलींत हॅमर दिसतच नाही, आत लपलेला. मला आवडत नाही. जे काय आहे ते समोर असावं.

प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला एकच पालुपद: हत्यार हातात घेतलं की पहिल्यांदा चापाखालचा लीव्हर ओढून उघडून बघा, आत गोळी नाही ना. हे बालवाडीचं आहे. पुढे ढकलतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

हॅमर अंगठ्याने सावकाश खाली सोडणं ही खरी कला आहे. सरावासाठी रायफल नाही. घरात अडकित्ता होता.

अडकित्त्याला हाफ-कॉक नाही. डिझाइनमधला दोष.

उजव्या अंगठ्याला टाका एकच पडला. डॉक्टरने विचारलं सुपारी खाता का. नाही म्हटलं. मग तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

स्वरदा (आमची मुलगी, सांताक्रूझला एका ऑफिसात आहे) घरी आल्यावर म्हणाली, बाबा, तुम्हाला रायफल खरंच देणार आहेत का? मी म्हटलं, देणार म्हणजे काय, दिल्यातच जमा. आईकडे बघून ती हसली. या घरात तांत्रिक वातावरण नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. संध्याकाळी घरी परतल्यावर

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी भांडुपला पोचलो. पाट मांडलेला. मधोमध रायफल, बाजूला आप्पांचा कोयता, सहदेवचे पाने, स्वरदाचा लॅपटॉप, मिक्सर. सहदेवची बायको रत्नप्रभा पूजा करते. तिचा हात फार सढळ. हॅमरवर खोबरेल तेलाचं बोट, हळद, कुंकू, वर अक्षतांची मूठ, त्यावर झेंडू. दर वर्षी असंच. मी म्हटलं, वहिनी, मेकॅनिझमवर अक्षता टाकू नयेत. ती म्हणाली, मग काय मिक्सरवर टाकू सगळ्या? आणि मिक्सरवरही टाकल्या.

आरतीनंतर आप्पांना रीतसर विचारलं, जरा हातात घेऊ का? आप्पांनी चष्मा वर केला.

"हात लावा, पावण्यांनू. पण चाळवू नकात."

त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितलं होतं म्हणे, चाळवायची नाही. म्हणून आप्पांनी भांडुपला आणल्यापासून तिला वरून तेल लावण्यापलीकडे काही केलेलं नाही. श्रद्धा म्हणून ठीक आहे.

जेवायला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आप्पा आडवे झाले. मी विचार केला, हात लावणे आणि चाळवणे यात यांत्रिकदृष्ट्या फरक करता येत नाही. रायफल उचलली. उजव्या अंगठ्याला पट्टी, म्हणून डाव्या अंगठ्याने हॅमर ओढला. टक, हाफ-कॉक. टक, फुल-कॉक. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग चाप ओढला.

हॅमर पडला नाही. उतरला. सावकाश, गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा पुढे आला आणि पिनच्या अलीकडे थांबला. हाफ-कॉकलाही नाही, पूर्ण खालीही नाही. मध्येच तिसऱ्या जागी!

तिसरी खाच. जगात कुठेही नोंद नाही. मी सगळे व्हिडिओ बघितलेत.

स्वरदाला फोन घेऊन उभी केली, प्रयोग पुन्हा केला. सुनंदा समोर पलंगावर बसून आपट्याची पानं निवडत होती, फ्रेममध्ये येत होती. सरक म्हटलं. म्हणाली, मी का सरकू, तुम्ही तिकडे तोंड करा. पण उजेड त्याच बाजूने चांगला होता, म्हणून तसंच ठेवलं. पुन्हा पुन्हा चाप ओढला. दर वेळी हॅमर शांतपणे येऊन तिथेच थांबला. अशी सेफ्टी की चाप ओढला तरी काही होत नाही! ज्याने हे डिझाइन केलं तो माणूस देव होता.

स्वरदाने विचारलं, लीव्हर नाही उघडायचा का, नावच लीव्हर-अॅक्शन आहे ना. मी म्हटलं, लीव्हर हे दुसरं प्रकरण. आज पहिलं.

आप्पा उठले, काय वाजतंय म्हणून विचारलं. मी रायफल झटकन पाटावर ठेवली. निघताना मी लायसन्सचा विषय काढला. आप्पा म्हणाले, दिवाळीक बघूया. म्हणजे हो.

१३ ऑक्टोबर, रविवार

व्हिडिओ 'परब परिवार' ग्रुपवर टाकला. शोधाला नाव दिलं: धोंडिराम सेफ्टी. सासऱ्यांचं नाव पुढे केलं, त्यात मनाचा मोठेपणा आहे आणि लायसन्सच्या दृष्टीनेही बरं. सहदेवने अंगठा पाठवला. इतरांनी दसऱ्याच्याच शुभेच्छा पुन्हा पाठवल्या.

परदेशी रायफलवाल्यांच्या एका ग्रुपवरही टाकला, इंग्रजी टिपणासह.

१४ ऑक्टोबर, सोमवार

परदेशातून भराभर उत्तरं. एकानेही तिसऱ्या खाचेबद्दल चकार शब्द काढलेला नाही. सगळे एकच विचारतात: रायफल रिकामी होती ना? मागे ती बाई कोण आहे? एकाने तर नुसतंच 'अरे देवा' अशा अर्थाचं लिहिलंय.

पाश्चात्त्यांना मूळ विषय सोडून भलतीकडे जायची सवय. मी उत्तर दिलं, ती बाई माझी पत्नी आहे, ती ठीक आहे, कृपया हॅमरकडे लक्ष द्यावे. त्यावर त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. मत्सर.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल आचारसंहिता लागली. सहदेवचा फोन. इलेक्शन संपेपर्यंत लायसन्सची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात, तशी नोटीस आप्पांना येईल. दर इलेक्शनला येते म्हणाला, पण मागच्या खेपेला आप्पा आजारी होते, आणि त्याआधीच्या वेळी चादरीत गुंडाळून नेली आणि तशीच परत आणली, कुणी सोडूनही बघितली नाही.

मी ताबडतोब म्हटलं, या वेळी मी नेतो. सहदेव म्हणाला, नेणार आप्पाच, लायसन्स त्यांचं. तुम्ही सोबत जा.

सोबत तर सोबत. ठाण्यात जाणकार माणसं असतात. तिसऱ्या खाचेची सरकारदरबारी नोंद होईल.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

संताप झाला आहे. जमा करायच्या आधी रायफल स्वच्छ असावी म्हणून रॉकेल, ब्रश आणि जुना बनियन घेऊन भांडुपला गेलो. हॅमरच्या भोवती हळद-कुंकवाचा थर बोटभर. रॉकेलमध्ये थोडा वेळ भिजत ठेवली असती तर नव्यासारखी झाली असती.

रत्नप्रभा आडवी आली. देवाचं कुंकू रॉकेलने पुसायचं नाही म्हणाली. मी समजावलं, वहिनी, हे यंत्र आहे. म्हणाली, असेना, अजून दसऱ्याचं कुंकू ओलं आहे, दिवाळीनंतर काय ते करा. आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, ऱ्हवांदे.

अडाणीपणापुढे विज्ञान हात टेकतं. बाटली परत आणली. येताना रिक्षात थोडं सांडलं, रिक्षावाल्याने मुलुंडपर्यंत सुनावलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी

थोडक्यात लिहितो.

सकाळी स्वरदाने रजा घेतली, गाडी काढली. आप्पांनी कोट घातला होता. रायफल चादरीत गुंडाळून मांडीवर, लहान पोर घेतल्यासारखी. ठाण्यात रांग होती. हवालदार अंबादास म्हणून होते, समंजस माणूस. त्यांनी लायसन्स बघितलं, नंबर जुळवला, मग विचारलं, "खाली आहे ना?"

मी म्हटलं, "शंभर टक्के."

आणि तिसऱ्या खाचेचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी पेन बाजूला ठेवून ऐकलं. हाफ-कॉकपर्यंत आलो तेव्हा म्हणाले, साहेब, ते राहू द्या, उघडून दाखवा.

मी लीव्हर ओढला. घट्ट होता. जोर लावला, कर्र करून उघडला, आणि आतून एक काडतूस बाहेर पडलं. पितळी, हिरवं पडलेलं. टेबलावर घरंगळत गेलं आणि चहाच्या ग्लासला टेकून थांबलं.

पंखा चालू होता.

अंबादासांनी माझ्या हातातून रायफल काढून घेतली. आप्पा बाकावर बसले. मी म्हटलं, हे माझ्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचं आहे.

गेल्या काही दिवसांत हिला कुणी हाताळलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, किरकोळ. स्वरदा बाहेर निघून गेली. काचेतून दिसत होतं, ती फोनमध्ये काहीतरी बघत होती, मग तिने फोन पालथा धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

जबाब झाले. ठाण्याचे साहेब आम्हाला आत बोलावून जे बोलायचं ते बोलले. लिहीत नाही. गुन्हा दाखल केला नाही, वय बघून. माझं नाही, आप्पांचं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

विशेष काही नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ठाण्यातून बोलावणं. हत्यारं तपासणारा त्यांचा माणूस आला होता. त्याने रायफल सोडली होती. तारेने हॅमरच्या पोटातून काढलेला माल कागदावर ठेवला होता. लालपिवळा, डिंकासारखा गोळा. त्यात अख्खे तांदूळ.

तो म्हणाला, वर्षानुवर्षांचं खोबरेल आत जाऊन चिकट झालंय, म्हणून हॅमर जोराने पडत नाही, रांगत येतो. आणि हे तांदूळ पुढे घट्ट बसलेत, म्हणून पिनपर्यंत पोचत नाही. खाचा दोनच आहेत. दोन्ही उत्तम. रायफल एक नंबर आहे म्हणाला.

मी विचारलं, स्वच्छ केली असती तर? म्हणाला, तासभर रॉकेलमध्ये ठेवली असती तरी हॅमर सटकन पडला असता.

मी विचारलं, आणि काडतूस? एवढं जुनं, फुटलं असतं का? म्हणाला, फुटलंही असतं, नसतंही. मी म्हटलं, साधारण किती टक्के. तो म्हणाला, साहेब, हे टक्क्यांत सांगत नाहीत.

टिपण: तिसरी खाच नव्हती असं म्हणता येणार नाही. होती. फक्त कंपनीने बसवलेली नव्हती, रत्नप्रभाने बसवलेली होती.

टिपण दोन: वरचं टिपण लिहिताना मला वाटलं होतं की हसू येईल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकायचा प्रयत्न केला. आता निघत नाही, वेळ होऊन गेली. सगळ्यांनी बघितलाय. सहदेवने त्या दिवशीचा अंगठा मात्र काढून घेतला आहे.

सुनंदाने परवा बघितला. एकटीने, गॅलरीत, आवाज बंद करून. मी आतून बघत होतो. संपला की परत लावत होती. ती चहा करते, कप माझ्यासमोर ठेवते. भांडी आपटत नाही. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिला समजावलं की कॅमेऱ्याच्या कोनामुळे नळी तिच्याच रोखाने दिसते, प्रत्यक्षात थोडी डावीकडे होती. ती म्हणाली, "डावीकडे स्वरदा उभी होती."

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. सुनंदा फराळाला मदत करायला भांडुपला गेली. जाताना दुकानातून रत्नप्रभासाठी चांगली पैठणी घेतली. ओवाळणीचं अजून नाव नाही, वाढदिवस नाही. काय निमित्त म्हणून मी विचारलं नाही.

घरी एकटाच. निष्कर्ष लिहायला बसलो. हा अपघात टळण्यामागे कोणती सेफ्टी उपयोगी पडली याची मांडणी करायचा प्रयत्न केला. हाफ-कॉक नाही. आडवं बटण नव्हतंच. मानेवरची सेफ्टी नव्हती. मी नव्हतो. एवढ्यावर थांबलो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सुनंदा परतली. म्हणाली, आप्पा जेवत नाहीत. पाट जिथे मांडतात त्या भिंतीकडे बघत बसतात. सहदेवने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. डुकरासाठी ते काडतूस त्यांनीच भरलं होतं, गाव सोडायच्या आदल्या वर्षी. डुक्कर आलं नाही. मग सामान बांधायची घाई, आणि मग चाळवायची नाही म्हणून कुणी उघडली नाही. इतके दसरे नातवंडं त्या पाटासमोर मांडी घालून बसायची. स्वरदाला तर ते पहिल्या ओळीत बसवायचे, लाडकी म्हणून.

आप्पा हुंदके देऊन रडले म्हणे. आप्पा! मी त्यांना त्यांची बायको गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. आठवड्यात पहिल्यांदा नीट डोळ्यांत बघून बोलली.

"तुम्ही आधी उघडून का नाही बघितलं?"

मी उत्तराची जुळवाजुळव केली. अभ्यासाचा क्रम, प्रकरण पहिलं, प्रकरण दुसरं. शेवटी ते सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं, मला वाटलं मला येतं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. आप्पांनी रायफल सरकारजमा करायचा अर्ज दिला. लायसन्स रद्द. कुणाच्याच नावावर नाही. सहदेवने फोनवर सांगितलं, मी बरं म्हटलं. लायसन्ससाठी काढलेले माझे फोटो ड्रॉवरमध्ये आहेत. कोट घालून काढले होते.

अर्जावर कारण काय लिहिलं विचारलं. सहदेव म्हणाला, 'वापर नाही.'

पाडव्याला भांडुपला गेलो नाही. सर्दी होती असं कळवलं. आप्पांनी निरोप पाठवला नाही. साहजिक आहे. पाहुणा आला काय, न आला काय.

२४ नोव्हेंबर, रविवार

इलेक्शन उरकलं. लोकांची हत्यारं परत मिळायला लागली. आमची मिळणार नाही.

सुनंदाने आज गप्पपणे माझा शर्ट पलंगावर काढून ठेवला. म्हणाली, आप्पांनी बोलावलंय. मी विचारलं, मला की आपल्याला? तुम्हाला, म्हणाली. मी दोनदा दाढी केली. बोलणी खायची तयारी ठेवली. त्यांची आज्ञा मोडून, ते झोपले असताना, त्यांच्याच घरात त्यांच्या मुलीवर बंदूक रोखली, याला मुद्देसूद उत्तर असू शकत नाही.

आप्पा खूप खंगलेत. खाटेवर बसले होते, भिंतीला पाठ लावून. मला शेजारी बसवलं. एरवी खुर्ची देतात. रत्नप्रभा चहा ठेवून गेली, मी तिला नमस्कार केला, ती घाबरून आत गेली.

मग आप्पांनी माझा हात धरला. उजवा, तो टाक्याचा. अंगठा उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "मी येक येडो. माका वाटला माका म्हायत असा. तू दुसरो येडो, तुका वाटला तुका म्हायत असा." थांबले. "आता तू माझो झील शोभतंस."

तू म्हणाले. झील म्हणजे मुलगा. तीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होतो आणि ऐकलं तेव्हा मान वर करता आली नाही. त्यांच्या हातावरच्या शिरा बघत राहिलो. चहा गार झाला.

परत येताना रिक्षात सुनंदाला सांगितलं, शब्दशः. तिने ऐकून घेतलं. एलबीएस रोडला ट्रॅफिक होता, बराच वेळ मिळाला. मला वाटलं आता विषय मिटेल. भांडुप मागे पडल्यावर म्हणाली, "त्यांना निदान रडू तरी आलं."



वही बंद करायच्या आधी एक नोंद राहिली होती ती करतो, कारण बाकी सगळं लिहिलं आणि हेच लिहिलं नाही असं नको. २४ ऑक्टोबरला 'विशेष काही नाही' असं लिहिलंय ते चूक आहे. त्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून, बादलीवर बसून रडलो. बादली भरून वाहायला लागली तरी थांबता येईना. डोळे मिटले की सुनंदा आपट्याची पानं निवडताना दिसायची. हे तिला सांगायला हवं, मला कळतंय. उद्या सांगतो. आज सांगितलं तर ती म्हणेल, एवढं पाणी कशाला वाया घालवलंत.